जिराफाचे तीन सेंटिमीटर

१४ मार्च, शनिवार, दुपारचे चार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (सोमवारपासून माझी मान डावीकडे वळत नाही, तेव्हा आठांपैकी सात अंगांचाच नमस्कार स्वीकार. आठव्या अंगाचं काय झालं ते पुढे येईलच.) भावोजींनाही नमस्कार. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? थोरल्याचा आवाज एकदाचा कुठल्या तरी एका पट्टीत स्थिरावला का? मधली अजूनही खोलीचं दार आतून लावून बसते का? आणि शेंडेफळाचे वरचे पुढचे दोन दात आले का? हा शेवटचा प्रश्न माझा नाही, आमच्या डॉक्टरांचा आहे. माणसाची खुशाली ते नेहमी वरच्या जबड्यापासून विचारायला सुरुवात करतात; दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं की हे असं.

तुझं पत्र येऊन चार महिने झाले. याबद्दल मी माफी मागते, आणि "वेळच मिळाला नाही" असं म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. माझ्या डायरीत १६ नोव्हेंबरला "ताईला उत्तर" अशी नोंद आहे, आणि त्यानंतर एकशे अठरा दिवस ती रोज पुढच्या पानावर उतरवलेली आहे. एकशे अठरा वेळा "ताईला उत्तर" लिहिण्याऐवजी मी एकदा ताईला उत्तर लिहिलं असतं तर शाई वाचली असती. फोनवर सांगता आलं असतं हेही खरं. पण फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि मग स्वतःच बोलतेस. कागद मला मध्येच तोडत नाही, म्हणून कागद.

तू लिहिलं होतंस की यंदा मुलांच्या सुट्टीत तिघांनाही आमच्याबरोबर त्या मोठ्या खेळ-बागेत पाठवतेस. त्या पाळण्यांच्या, घसरगुंड्यांच्या, उलटंसुलटं करणाऱ्या गाड्यांच्या बागेत आम्ही दोघं मागच्या वर्षी गेलो होतो हे तुला डॉक्टरांच्या फोटोवरून कळलं होतं. (बदकाची टोपी. होय. ती अजून आहे.) "तुम्हालाही बरं वाटेल, आणि चारचौघांत विचित्र दिसायचं नाही," असं तुझं वाक्य होतं. शिवाय "मुलांना मी सांगूनही टाकलंय" असं शेवटी होतं. ते वाचून मी पत्र घडी करून डब्यात ठेवलं. मग पंचवीस फेब्रुवारीला तुझा फोन आला, तारखा विचारायला, आणि मी म्हणाले की मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसची तपासणी मोहीम आहे, ती झाल्यावर बघू. तू म्हणालीस, "बिचारी, किती राबवून घेतात गं तुला."

ताई, मोहीम नव्हती. आम्ही बागेत गेलो होतो. मुलांच्या सुट्ट्या लागायच्या आत, चोरासारखे, मागच्या दाराने बॅगा काढून. आणि ही आमची दुसरी नाही, पाचवी खेप होती.

आता एवढं कबूल केलंच आहे तर तिथे जाऊन आम्ही काय करतो तेही सांगते. डॉक्टरांचं कारण सोपं आहे. वर्षभर ते माणसांना "आ करा, अजून थोडा मोठा" म्हणून विनवत असतात, आणि माणसं ओठ मिटून त्यांच्याकडे कसायाकडे बघावं तशी बघतात. तिथे मात्र उंचावरून गाडी खाली सुटली की अठ्ठावीस माणसं आपणहून, एकाच वेळी, शेवटच्या दाढेपर्यंत आ करतात आणि डॉक्टरांना त्यांचं काहीही करावं लागत नाही. याहून मोठी सुट्टी त्यांना ठाऊक नाही. माझं कारण असं, की मी वजनमापांची निरीक्षक आहे. तराजू, लिटरची मापं, कापडाचे गज तपासत मी दिवसभर लोकांना "हे बरोबर नाही" असं सांगत फिरते. त्या गाडीत बसले की दोन मिनिटं दहा सेकंद मला जगात काहीच तपासता येत नाही. (वेळ मी मोजलेला आहे. पहिल्या वर्षी. नंतर नाही.)

तू म्हणतेस तसं विचित्र दिसतो का? दिसतो. तिकिटाच्या खिडकीतली बाई आधी आमच्याकडे बघते, मग आमच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर बघते, आणि तिथे कुणी नाही असं दिसल्यावर विचारते, "दोघंच?" हॉटेलच्या काउंटरवर तेच, जेवणाच्या टेबलाशी तेच, आणि फुगे वाटणारा विदूषक तर शब्दही न बोलता दोन बोटं वर करून, भुवया उंचावून तेच विचारतो. या "च"चं वजन किती असतं हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत काढता आलेलं नाही. दुकानदाराने मालात एवढी भर घातली असती तर मी त्याच्यावर खटला भरला असता. डॉक्टरांना त्याचं काही नाही. "हो, दोघंच. म्हणजे फुगे दोन द्या," असं म्हणून ते मोकळे होतात. यंदा हॉटेलात साध्या खोल्या संपल्या होत्या म्हणून आम्हाला जहाजाच्या आकाराचा दुमजली पलंग असलेली खोली मिळाली. वरचा मजला कुणाचा यावर आमचा पाच मिनिटं वाद झाला आणि आम्ही नाणं उडवलं. डॉक्टर जिंकले आणि सकाळी उठताना त्यांनी छताला डोकं आपटलं. ("कप्तान जखमी," असं वरून ऐकू आलं.) ताई, मी त्या सकाळी इतकी हसले की बाजूच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

असे तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी, मी घोळ घातला.

तिथे "सुसाट" नावाची एक गाडी आहे, बागेतली सगळ्यात उंच. तिच्या पहिल्या डब्यात, अगदी पुढच्या दोन जागांवर बसायची डॉक्टरांची चार वर्षांची इच्छा. त्या जागांची रांग वेगळी असते आणि तिथे एका वेळी दोघंच बसू शकतात. रविवारी आम्ही दीड तास उभे राहून त्या रांगेत दुसरे होतो. पुढे फक्त एक बाप-लेक. डॉक्टरांच्या डोक्यावर बदक, मनगटाला फुगा, चेहऱ्यावर नव्या नवऱ्याचं तेज. आणि रांगेच्या तोंडाशी होता जिराफ.

हा जिराफ लाकडी फळीचा, रंगवलेला, पुढचा पाय हातासारखा आडवा धरून उभा असलेला. त्या पायाला डोकं टेकलं तर मूल गाडीत बसायला पुरेसं उंच. टेकलं नाही तर पुढच्या वर्षी या. पायावर लिहिलेलं असतं: १२० सेंमी. मी चार वर्षं त्या जिराफाजवळून गेले आहे. पण यंदा त्याचे खूर दिसेनात. नव्या चकचकीत फरश्या बसवल्या होत्या आणि जिराफ जागचा न हलवता त्याच्याभोवतीच बसवल्या होत्या. बिचारा खुरांपर्यंत बुडाला होता. मी ते पाहिलं, आणि डॉक्टरांनी मला ते पाहताना पाहिलं.

"निरीक्षकबाई," ते हळूच म्हणाले, "जिराफाकडे बघू नका."

"मी कुठे बघतेय?"

"आज सुट्टी आहे. तुझीही आणि सेंटिमीटरचीही."

मी आठ मिनिटं बघितलं नाही. खरंच बघितलं नाही, फुग्याकडे बघत राहिले. पण डोक्यात हिशेब सुरू झाला होता: जमीन वर आली, जिराफ तिथेच राहिला, म्हणजे १२० लिहिलेला पाय आता जमिनीपासून १२० वर नाही, कमी आहे. म्हणजे जी मुलं आत जाता कामा नयेत ती जात आहेत. आणि मग एका बाईने आपल्या लेकीचे केस विंचरून डोक्यावर आंबाड्यासारखे उभे बांधले, ती पोर जिराफाला टेकली (म्हणजे तिचा आंबाडा टेकला), आणि आत गेली. ताई, माझ्या पर्समध्ये पाच मीटरचा पोलादी टेप असतो, शिक्का मारलेला. तो पर्समध्ये कसा आला असं विचारू नकोस. रुमालही असतो, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

मी वाकून मोजलं. ११७.

यापुढे जे झालं त्यात माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि माझं वागणं शंभर टक्के चूक होतं. दोन्ही आकडे मी तपासून लिहीत आहे. मी गाडी चालवणाऱ्या बाईंना सांगितलं. (गळ्यात शिट्टी होती, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणायचो.) शिट्टीबाईंनी बिनतारी फोनवर पर्यवेक्षकांना बोलावलं. पर्यवेक्षक आले, त्यांनी माझा टेप बघितला, त्यावरचा शिक्का बघितला, गुडघ्यावर बसून स्वतः मोजलं आणि गाडी थांबवली. जिराफ वर घेईपर्यंत "सुसाट" बंद. आणि रांगेतल्या सगळ्या मुलांची उंची टेपने पुन्हा मोजायची. चौदा मुलं बाद झाली. चौदा. त्यातली नऊ एकाच वेळी रडायला लागली, आणि उरलेली पाच ती बघून.

आयांनी मला घेरलं. एक म्हणाली, "तीन सेंटिमीटर म्हणजे केवढं हो? बोटभर! बोटभर आनंद बघवला नाही तुम्हाला?" दुसरी म्हणाली, "काल बसली होती माझी, काल नाही पडली ती." एक आजोबा म्हणाले की त्यांच्या वेळी असली मोजमापं नव्हती. (मग मी त्यांना सांगितलं की त्यांच्या वेळी ही गाडीही नव्हती. हे मी बोलायला नको होतं.) आणि मग आंबाडावाल्या मुलीच्या आईने, जिची लेक गाडीतून परत उतरवावी लागली होती, मला शांतपणे विचारलं:

"तुमची मुलं कुठायत?"

"नाहीत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

साधा प्रश्न होता. याचं उत्तर एका शब्दाचं आहे. चार दिवस मी तेच करत होते, चार वर्षं तेच करत आले होते. पण सगळी रांग माझ्याकडे बघत होती, चौदा मुलं रडत होती, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, ताठ उभी राहून, ऑफिसच्या आवाजात म्हणाले:

"तपासणी. मी तपासणीसाठी आले आहे."

गर्दी जरा मागे सरकली. कुणीतरी डॉक्टरांकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?"

"माझे सहाय्यक," मी म्हणाले.

सहाय्यकांच्या डोक्यावर बदक होतं. मनगटाला फुगा होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, फुगा पाठीमागे घेतला, आणि टोपी मात्र काढली नाही.

(नोंदीसाठी: जिराफ हे व्यापारी माप नाही. त्याला टेकून कुणी काही विकत घेत नाही. म्हणजे मी कामावर असते तरी जिराफ माझ्या अखत्यारीत आला नसता. हे मला त्या क्षणीही माहीत होतं.)

तासाभराने सुताराने जिराफाखाली तीन सेंटिमीटरची पट्टी ठोकली, मी तपासली, १२० भरलं. पर्यवेक्षकांनी माझे आभार मानले आणि म्हणाले की पथकाने आता कृपया पहिल्या गाडीत, पहिल्या डब्यात, पुढच्या दोन जागांवर बसावं, बागेतर्फे, रांगेशिवाय. ताई, चार वर्षं आणि दीड तास आणि वर एक तास. डॉक्टरांनी पाऊल उचललंही होतं. आणि मी म्हणाले, "नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला अशी सवलत घेता येत नाही."

म्हणजे बघ, अधिकारी म्हणून आले हे खोटं होतं, पण त्या खोट्या अधिकाऱ्यालाही मी लाच घेऊ दिली नाही. इतकी प्रामाणिक खोटारडी तुला दुसरी सापडणार नाही. डॉक्टरांनी उचललेलं पाऊल खाली ठेवलं. ते आवाज न करता ठेवलं, हे वाईट होतं.

मग आम्ही तळ्याकाठच्या बाकावर बसलो. त्यांनी दोन आइस्क्रीम आणली, एक मला दिलं. (दात किडतात असं जगाला सांगणारा माणूस.) मी म्हणाले, चुकलं माझं, तुम्हाला सहाय्यक म्हणायला नको होतं. मी त्यांना अजून "तुम्ही" आणि "डॉक्टर" म्हणते, तुला त्याचं हसू येतं. पण लग्नाआधी मी त्यांची पेशंट होते आणि दुखऱ्या दाढेसकट पडलेली सवय जात नाही.

"सहाय्यकाचं काही नाही," ते म्हणाले. "सहाय्यक तर मी आहेच. जिराफाचंही काही नाही, तुझं बरोबर होतं, एखादं पोर घसरलं असतं. पण आपण मजा करायला आलोय, एवढं सांगायला तुला एवढी लाज का वाटते गं? कुणाची मजा चोरलीय आपण?"

मी डायरी काढली आणि प्रश्न उतरवून घेतला. ते म्हणाले, "लिही, लिही," आणि माझं आइस्क्रीमही संपवलं.

संध्याकाळी पाच वाजता मी एकटी पर्यवेक्षकांच्या खोलीत गेले. छोटी खोली, भिंतीला चाव्यांचा फळा, टेबलावर सापडलेल्या वस्तूंची टोपली, त्यात सतरा डाव्या चपला. मी उभ्यानेच सांगितलं की मी कामावर नव्हते, सुट्टीवर होते, सोबतचे गृहस्थ माझे सहाय्यक नसून नवरा आहेत, आणि हवं असेल तर मी तसं लेखी देते. पर्यवेक्षक चहा ढवळत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या सहाय्यकांच्या डोक्यावर बदक होतं. आम्हाला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माप बरोबर होतं ना." मग चमचा बाहेर काढून त्यांनी विचारलं, "म्हणजे दोघंच मजा करायला आला होतात?"

"हो," मी म्हणाले.

मी वाट बघितली. काही झालं नाही. छत पडलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि सांगितलं की सोमवारी गर्दी नसते, दार उघडताच आलात तर पहिला नंबर तुमचाच. आम्ही एक दिवस वाढवला. सोमवारी सकाळी दार उघडायच्या चाळीस मिनिटं आधी आम्ही तिथे होतो, रांगेत, नियमाने, आणि पहिल्या डब्याच्या पुढच्या दोन जागांवर बसलो. जिराफाकडे मी बघितलं नाही. (एकदाच बघितलं. खूर दिसत होते.) गाडी वर चढली, थांबली, खाली सगळं जग बदकाएवढं झालं, आणि सुटली. मी इतक्या जोरात ओरडले की माझी मान गेली. हेच ते आठवं अंग. खाली आल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं की कशाचं ते मी तपासलं नाही. त्यांनी माझा हात धरला, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "डावीकडची खालची शेवटून दुसरी भरायला झालीय."

तर हे असं आहे. आता तूच सांग, अशा बाईबरोबर तू तुझी तीन मुलं पाठवशील? जी चौदा मुलांना रडवून सेंटिमीटर मोजते? शेंडेफळ ११७ भरलं तर मी त्याला परत पाठवीन, आणि ११९ भरलं तरी पाठवीन. थोरल्यासमोर मी कुठल्या तरी मक्याच्या लाह्यांवाल्याशी वजनावरून भांडेन आणि तो आयुष्यभर माझी ओळख सांगणार नाही. माझ्यासारख्या मावशीच्या हाती मुलं देणं धोक्याचं आहे, एवढंच नम्रपणे कळवते. मुलांना माझ्याकडून पापे दे, मधलीला दाराबाहेरून दे. भावोजींना सांग, जिना चढताना आधी चांगला पाय.

तुझी धाकटी

ता. क. तू हे कुठूनही ऐकण्याआधी मी लिहायला बसले त्यामागे एक कारण होतं. रांगेत कुणीतरी आमचं चित्रण केलं आणि ते लोकांच्या मोबाईलवर फिरतंय. त्यात मी जिराफासमोर ओणवी आहे आणि मागे डॉक्टर फुगा लपवतायत. खाली लिहिलंय, "सुट्टीतही ड्यूटी". लोक कौतुक करतायत. मधलीच्या मोबाईलवर ते आज ना उद्या येईल आणि ती दार उघडून तुला दाखवायला येईल. तेव्हा तू "बिचारी, किती राबवून घेतात" म्हणशील. म्हणू नकोस.

ता. क. दोन. वरचं पत्र मी आत्ता पुन्हा वाचलं, आणि मला फार लाज वाटली. मी परत तेच केलंय. आंबाडावाल्या मुलीच्या आईला "तपासणी" म्हणाले, तुला "मी नालायक मावशी" म्हणाले. सगळं खरं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. जिराफ नसता तरी मी मुलांना नेलं नसतं. मी मुलांशी बरी वागते, तुला माहीत आहे, तुझी तिन्ही माझ्या अंगाखांद्यावर वाढली. खरं एवढंच आहे की तिथे आम्हाला दोघांना जायला आवडतं. कुणाच्या ऐवजी नाही. मूल होणार नाही हे कळलं तेव्हा तीन दिवस तू माझ्या खाटेशी बसली होतीस, तेव्हा किती रडले ते तू बघितलं आहेस. ते रडून झालं, ताई. आम्ही तिथे रिकामी जागा भरायला जात नाही. त्या जागाच दोन आहेत. तू प्रेमाने देत होतीस आणि मी चार महिने तुला 'नको' म्हणू शकले नाही, कारण तुला वाटेल की मी दुखावून नको म्हणतेय. मी सुखात नको म्हणतेय. मुलांना मी स्वतः सांगेन, तोंडावर, तू माझ्या वतीने काही बोलू नकोस. ती रुसली तर माझ्यावर रुसू देत.

ता. क. तीन. आता माझं मागणं. थोरला जन्मल्यापासून तू आणि भावोजी कुठेही तुम्ही दोघं म्हणून गेला नाहीत. लग्नाच्या हॉलातसुद्धा तू एका हाताने कुणाचं तरी नाक पुसत जेवतेस. तेव्हा सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी-रविवारी तुम्ही दोघांनी त्या बागेत जायचं आहे. आमचा वर्षाचा पास दुसऱ्याला वापरता येत नाही (पासामागची नियमावली मी वाचली आहे, बहुतेक मी एकटीनेच), म्हणून तुमच्या नावाची दोन तिकिटं काढून यासोबत जोडली आहेत. जहाजाची खोलीही घेतली आहे. भावोजींचा गुडघा बघता वरचा मजला तुझा. तिकिटं दाखवताना "दोघंच?" असं विचारतील, तेव्हा हो म्हण आणि दोन फुगे माग. तेवढे दोन दिवस आम्ही तुझ्या घरी येऊन मुलं सांभाळतो. जेवण होईल, अभ्यास होईल, आणि तिघांचेही दात तपासले जातील. "मुलांशिवाय मला करमणार नाही" असं उत्तर पाठवू नकोस, ते मी मानणार नाही. ते तू बागेतून परत आल्यावर सांग.

(डायरी, १४ मार्च, रात्री) ताईला उत्तर लिहिलं. पाकीट चिकटवलं. वजन केलं, लावलेलं पोस्टाचं तिकीट पुरेसं आहे.

उद्या: दोन दिवस तीन मुलं सांभाळायची आहेत हे डॉक्टरांना सांगणे.